आधी वही, मग वेबसाइट

मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात न्याहारी निवासाच्या दोन-चार खोल्या बांधून झाल्या, की भिंतींचा रंग सुकायच्या आत एक विषय निघतो: वेबसाइट करायची का? त्यावर दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतो, "करून टाका, ओळखीचा मुलगा आहे, आठ दिवसांत देईल." दुसरा म्हणतो, "हवीय कशाला? इन्स्टा आहे, व्हॉट्सॲप आहे, गुगल मॅपवर नाव आहे, भागलं." दोघं वाद घालत असले तरी त्यांची समजूत एकच आहे. वेबसाइट म्हणजे जाहिरात, हे दोघंही धरून चालतात. एकाला ती जाहिरात हवीशी वाटते, दुसऱ्याला ती जुनी झाली असं वाटतं. ही समजूत वरवरची आहे आणि किनाऱ्यावरच्या लहान धंद्यांना ती महाग पडते आहे.

माझा मुद्दा असा. सिंधुदुर्गातल्या धंद्याला वेबसाइट लागते ती गिऱ्हाईक ओढून आणायला नव्हे, तर येऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला 'जायचं की नाही' हे ठरवता यावं म्हणून. त्यासाठी त्याला नक्की उत्तरं लागतात. नक्की उत्तरं द्यायची तर मालकाने आपल्या धंद्याबद्दल काही गोष्टी आधी ठरवलेल्या असाव्या लागतात. वेबसाइटचं नियोजन म्हणजे हे ठरवणं. रंग, फोटो, हलती चित्रं ही नंतरची आणि त्यामानाने सोपी कामं. ठरवाठरवी झालेली नसेल तर देखणी साइटसुद्धा गुळमुळीत बोलते आणि माणूस शेवटी फोनच लावतो.

१. माणसं नाव ऐकून येतात, अडतात ती पुढे

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्या काळात इथलं नाव बाहेर पोचवणं हाच मोठा प्रश्न होता. आज तो तसा राहिलेला नाही. देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड, सिंधुदुर्ग किल्ला रील्समधून घरोघरी पोचले आहेत. कोल्हापूर-सांगलीचं कुटुंब मालवणला यायचं हे मनाशी ठरवूनच फोन हातात घेतं. त्यांना मालवण विकायची गरज उरलेली नसते. त्यांचं घोडं अडतं ते बारीक गोष्टींवर.

मे महिन्यात कुठल्याही खोलीमालकाचा फोन दिवसभर ऐकावा. एसी आहे का? बॅकवॉटर समोर की समुद्र? पायी किती? आई-वडील बरोबर आहेत, जिना आहे का? दोघं शाकाहारी आहेत, वेगळ्या भांड्यांत होईल का? स्कुबा तुम्हीच करता की दुसरीकडे पाठवता? गाडी दारापर्यंत येते? ॲडव्हान्स किती, रद्द झालं तर परत मिळतो? मालक, त्याची बायको आणि अकरावीतला मुलगा ही उत्तरं आळीपाळीने देतात, आणि तिघांची उत्तरं तीन येतात. नुकसान नेमकं इथे होतं. मुलगा म्हणाला "होईल", वहिनी म्हणाल्या "आमच्यात वेगळी भांडी नाहीत", आणि पाहुणे दारात आल्यावर वाद झाला.

म्हणून नियोजनाची पहिली पायरी संगणकावर नाही, वहीत आहे. भर हंगामात पंधरा दिवस येणारा प्रत्येक प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत वहीत उतरवावा आणि समोर त्या वेळी दिलेलं उत्तर लिहावं. मग घरच्यांनी एकत्र बसून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर नक्की करावं. साइटचा आराखडा या वहीतून निघतो: जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला तो सर्वांत वर. 'आमच्याविषयी', 'आमचं ध्येय', 'आमची सेवा' ही पानं वहीत कुठेच सापडणार नाहीत, कारण ती कोणी विचारलेली नसतात.

वर्णन आणि माहिती

याचा लिखाणावर काय परिणाम होतो ते जवळून पाहू. इथल्या अनेक साइटींवर पहिलं वाक्य साधारण असं असतं: 'निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या निवासस्थानी अनुभवा अस्सल मालवणी पाहुणचार आणि विसरा शहराची धकाधक.' हे वाक्य आचऱ्याला चालेल, निवतीला चालेल, अलिबागलाही चालेल. म्हणजेच ते कोणाचंच नाही. आता वहीतून आलेला मजकूर कसा असेल, समजा देवबागच्या चार खोल्यांचा:

'घराच्या मागच्या दारातून समुद्र दोन मिनिटं, पुढच्या दारातून कर्ली नदी पाच मिनिटं. चार खोल्या, सगळ्या तळमजल्यावर, दोन एसीच्या. जेवण घरचं, मासे रोजच्या बाजारावर. शाकाहारी जेवण होतं, पण चूल आणि भांडी एकच आहेत. रस्ता अरुंद आहे; मोठी बस दारापर्यंत येत नाही, कार येते. दारू पिऊन गोंधळ चालत नाही.'

दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण भपक्याचं नाही. तरीही म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन येणारं कुटुंब तो वाचून खोली घेईल, कटाक्षाने वेगळी भांडी पाहणारं कुटुंब दुसरीकडे जाईल आणि दंगा करायला निघालेला मित्रांचा घोळका फोनच करणार नाही. हा तिसरा फायदा सर्वांत मोठा आहे आणि जाहिरातीच्या चष्म्यातून तो दिसतच नाही. चांगली साइट चुकीच्या गिऱ्हाइकाला वाटेतूनच परत पाठवते. चार खोल्यांच्या धंद्यात चुकीचा एक पाहुणा म्हणजे वाया गेलेला आठवडा आणि वाईट शेरा.

२. इथला धंदा ऋतूवर चालतो, साइट मात्र बारमाही उन्हाळ्यात असते

शहरातला साइट करणारा जी साचेबंद रचना देतो ती बाराही महिने सारख्या चालणाऱ्या धंद्यासाठी असते. मालवणचं तसं नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक पावसाळ्यात थांबते, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं चालतं. हापूसचा खरा हंगाम मार्च ते मे. आणि तरीही जुलैतल्या मुसळधार पावसात साइट उघडावी तर पहिल्या पानावर निळं पाणी, स्कुबाचा मुखवटा आणि 'आजच बुक करा'.

हा खोटेपणा कोणी मुद्दाम करत नाही. ऋतू हा नियोजनाचा भागच धरलेला नसतो, म्हणून तो होतो. पण पाहुण्याला हेतू दिसत नाही, फक्त बंद पडलेला धक्का दिसतो. जुलैत येणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगावं: किल्ल्यावर जाता येणार नाही, समुद्रात उतरायचं नाही, ताजी सुरमई मिळेलच असं नाही; सुकं मिळेल, खाडीचं मिळेल, पाऊस मिळेल, आणि दर कमी आहे. असा पाहुणा येतो तो पावसासाठीच येतो आणि समाधानाने जातो. पावसाळी पर्यटनाच्या घोषणा दरवर्षी होतात, पण पावसात इथे काय असतं आणि काय नसतं हे लिहून ठेवणारी साइट क्वचितच सापडते.

काही तारखा तर कॅलेंडरलाही ठाऊक नसतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही, कौल घेऊन दिवस ठरतो. तो जाहीर झाला की मुंबईचे चाकरमानी आधी गाडीचं तिकीट पाहतात, मग राहायची सोय. त्या दिवसांत मसुरे-मालवण परिसरातल्या ज्या साइटवर 'जत्रेच्या तारखांना इतक्या खोल्या शिल्लक, दर असा' एवढी एक ओळ दिसेल तिला दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीची गरज नाही. ती ओळ घरच्या माणसाला मोबाइलवरून स्वतः बदलता येते का, हे साइट करून घेताना विचारायचं असतं. बहुतेक जण विचारतात ते लोगो फिरता करता येईल का.

प्रवासाचंही असंच. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, पण तिथली विमानसेवा अखंड राहिली नाही. गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. कितीतरी साइटींवर 'जवळचा विमानतळ: दाबोळी' हे अजून तसंच आहे. मालवणला रेल्वे स्टेशन नाही, कुडाळला उतरून सुमारे ३० किलोमीटर यावं लागतं. रात्री-पहाटे उतरणाऱ्याला रिक्षा मिळेल का आणि साधारण किती पडतील, हे ज्याने लिहिलं त्याने पाहुण्याची निम्मी काळजी मिटवली.

३. दर झाकून ठेवणं

'दरासाठी संपर्क करा' हे इथल्या साइटींवरचं सर्वांत खर्चिक वाक्य आहे. त्यामागची भीती मला कळते: शेजारी बघेल, दर पाडेल, गिऱ्हाईक पाहून दोन पैसे वर सांगता येणार नाहीत. पहिल्या भीतीत तथ्य नाही, कारण शेजाऱ्याला दर ठाऊकच असतो. दुसरी भीती खरी आहे, पण ती धंद्याचा स्वभाव सांगते. माणूस पाहून दर सांगायचा असेल तर साइट करूच नये; तिथे लिहिलेलं सगळ्यांना सारखं दिसतं.

मासळीचा दर रोज बदलतो, तो कसा लिहायचा, हा मात्र रास्त प्रश्न आहे. उत्तर खानावळींच्या फळ्यावरच आहे. थाळीचा दर ठरलेला लिहावा, त्यात काय येतं ते मोजून लिहावं: चपात्या किती, तळलेला तुकडा किती, सोलकढी एक की हवी तेवढी. पापलेट, सुरमई, लॉबस्टरपुढे 'त्या दिवशीच्या लिलावाप्रमाणे, शिजवण्याआधी सांगू' असं लिहावं. पाहुण्याला दर बदलल्याचा राग येत नाही, जेवल्यावर कळल्याचा येतो.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण महत्त्वाची गोष्ट. मेन्यूचा आणि दराचा फोटो काढून तो साइटवर चिकटवू नये. फोटोतली अक्षरं सर्च इंजिनला नीट वाचता येतातच असं नाही, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याचा मोबाइल ती वाचून दाखवेलच असं नाही आणि देवबागच्या टोकाला रेंज एक काडी असताना तो फोटो उघडतही नाही. साधा मजकूर लगेच उघडतो.

४. विश्वास ठेवा म्हणून कोणी ठेवत नाही

देवगडच्या हापूसचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा 'देवगड' म्हणून पेट्यांतून विकला जाणं थांबलं नाही. पेटीवर 'अस्सल' छापून काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण नकली पेटीवरही तेच छापलेलं होतं. शेवटी देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर आणलं; तो क्रमांक व्हॉट्सॲपवर पडताळला की फळ कुठल्या बागायतदाराचं ते कळतं. संस्थेने दावा मोठ्याने केला नाही, तो तपासता येईल असा केला.

हाच नियम साइटला लावावा. बोटवाल्याने 'सुरक्षित स्कुबा' लिहू नये. मेरीटाइम बोर्डाच्या परवान्याचा क्रमांक, बोटीत किती माणसं घेतो तो आकडा, लाइफ जॅकेट किती आहेत, आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द करून पैसे कधी परत देतो, हे लिहावं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हापासून हे प्रश्न येतात आणि ते आलेच पाहिजेत. कोकम, आगळ, मालवणी मसाला, काजू विकणाऱ्या महिला बचत गटाने एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, पॅकिंगची तारीख कुठे असते आणि माल कुठल्या गावात तयार होतो ते लिहावं. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतही नाव, पत्ता, परताव्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करायची हे दाखवण्यावर भर आहे. लहान विक्रेत्याने कायद्याच्या धाकापेक्षा स्वतःच्या फायद्यासाठी ते पाळावं, कारण हॉटेलांच्या बनावट साइटी काढून आगाऊ रक्कम लुबाडणाऱ्या टोळ्या सर्रास आहेत. म्हणून पर्यटक सावध झाला आहे. त्याला खरं घर आणि बनावट घर वेगळं ओळखता येईल असा तपशील देणं हे खऱ्या मालकाचंच काम आहे.

५. नाव कोणाच्या नावावर?

नियोजनातला हा भाग सर्वांत रुक्ष आहे आणि सर्वांत जास्त साइटी इथेच मरतात. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, साइट करून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर घेतलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला जातो, वर्षाचं नूतनीकरण राहतं, नाव सुटतं आणि पाटीवर, बिलावर, गाडीच्या काचेवर छापलेला पत्ता भलतीकडे उघडतो. जमिनीचा सातबारा आपण शेजाऱ्याच्या नावावर करत नाही, मग हे का? डोमेन मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या पैशाने घ्यावं, पासवर्ड घरात दोघांकडे असावा, मूळ फोटो आणि मजकूर घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर असावा. साइट करणाऱ्याला पैसे करण्याचे द्यावेत, मालकीचे नव्हे.

आक्षेप

पहिला आक्षेप: इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप कशाला? नाव पोचवायला इन्स्टाग्राम उत्तमच आहे, ते सोडावं असं मी म्हणत नाही. पण तिथे कालचं आज खाली जातं. परताव्याची अट रीलमध्ये कोण शोधणार? शिवाय तिथली सगळी जमवाजमव दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथे होतं त्यांचं एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद होते. उलट २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने मालवण तालुक्यातली वीज आणि नेटवर्क घालवलं. असं होतं तेव्हा इथला फोन लागत नाही, व्हॉट्सॲपला उत्तर जात नाही, पण दूरच्या सर्व्हरवरची साइट उघडते आणि परताव्याची अट सांगते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बुकिंग कंपन्या पाहुणे देतात, कमिशन घेतात, हिशेब ठेवतात. स्वतःची साइट कशाला? जानेवारीत, आडदिवशी खोली रिकामी राहण्यापेक्षा कमिशन दिलेलं बरं, हे मी मान्य करतो. पण सगळा धंदा त्यांच्यावर सोडण्याचा धोका नोंदलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड ठोठावला आणि करारांतल्या दर-समानतेच्या अटी बदलायला सांगितल्या. या अटींचा अर्थ असा होता की हॉटेलमालकाने त्यांच्यापेक्षा कमी दर दुसरीकडे लावायचा नाही. म्हणजे खोली आपली, पण तिचा दर आपल्याला हवा तसा लावता येत नव्हता. स्वतःची साइट असेल तर दुसऱ्यांदा येणाऱ्या पाहुण्याला थेट येण्याचं कारण देता येतं. कंपनीचा पाहुणा पहिल्यांदा घ्यावा. तोच पाहुणा तिसऱ्या वर्षीही कंपनीतूनच येत असेल तर चूक आपली.

तिसरा आक्षेप भाषेचा: इंग्रजीत नसेल तर मोठं गिऱ्हाईक येत नाही. आधी आपलं गिऱ्हाईक कोण ते वहीत पाहावं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई इथून येणारी कुटुंबं मराठीत विचारतात, आणि आता बोलून शोधतात: 'तारकर्लीत घरगुती जेवण कुठे मिळेल?' त्या प्रश्नाशी जुळणारं वाक्य मराठीत लिहिलेलं असेल तर मिळेल. इंग्रजी पान जरूर असावं, पण ते मराठीच्या जोडीला. इंग्रजीत लिहिताना माणूस 'कोझी स्टे'कडे वळतो आणि चूल एकच आहे हे सांगायचं राहून जातं.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे: सांभाळणार कोण? जेवण, चादरी, पाणी, जनरेटर, बोट, त्यात ही आणखी एक उठाठेव. म्हणूनच लहान धंद्याची साइट पाच-सहा पानांची, मजकुराची असावी. जिला रोज हात लावावा लागेल अशी असू नये. वर्षातून चार वेळा ती हमखास बघायची: पाऊस लागण्याआधी, गणपतीच्या आधी, डिसेंबरच्या सुट्ट्यांआधी आणि मार्चमध्ये, शिवाय जत्रेची तारीख पडली की. त्या दिवशी दर, बंद-चालू आणि प्रवासाची ओळ एवढंच तपासायचं. घरात शिकणारं पोर असेल तर त्याच्याकडे द्यावं, मात्र मजकूर वहिनींनी वाचून मंजूर करावा, कारण चुलीपाशी काय होतं आणि काय होत नाही हे त्यांना ठाऊक असतं. आणि हे काम मेमध्ये काढू नये. मेमध्ये वही भरायची. साइट करायला बसायचं जूनमध्ये, होड्या वर ओढून झाल्यावर.